लॅव्हाजच्या रिपोर्टमध्ये ‘ॲस्बेस्टॉस बॉडीज आढळल्या नाहीत’: या ओळीला किती वजन द्यायचं?

भिंगवाला

कामगाराच्या फाईलमध्ये दोन कागद असतात. एक कामाचा इतिहास: बॉयलरच्या पाइपांवरचं लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टण) उखडणं, ब्रेक लायनिंग घासणं, सिमेंटचे पत्रे कापणं, किती वर्षं, कोणत्या खात्यात. दुसरा लॅव्हाजचा, म्हणजे फुफ्फुस आतून धुऊन काढलेल्या द्रवाचा, रिपोर्ट, एका ओळीचा: ‘ॲस्बेस्टॉस बॉडीज आढळल्या नाहीत.’ वाचणारे त्या एका ओळीवर पंधरा वर्षांचा इतिहास खोडून मोकळे होतात. ही ओळ कधी धरायची आणि कधी बाजूला ठेवायची, यावर या धाग्यात एकदा सविस्तर बोलू या.

आधी शब्दांचा घोळ मिटवतो. ‘फुफ्फुसात पाणी झालं’ म्हणून बरगड्यांमधून सुई घालून काढतात ते पाणी फुफ्फुसाच्या बाहेरचं, दोन आवरणांमधलं. इथे त्याचा संबंध नाही. आपण बोलतोय ते ब्रॉन्कोस्कोपमधून सलाईन आत सोडून, वायुकोश धुऊन परत ओढलेल्या द्रवाबद्दल. यालाच ब्रॉन्को-अल्व्हिओलर लॅव्हाज, थोडक्यात बीएएल म्हणतात. बाहेरचं पाणी पाठवून ‘बॉडीज मोजा’ अशी चिठ्ठी जोडली, तर येणाऱ्या शून्याला काही अर्थ नसतो.

आता बॉडी म्हणजे काय. वायुकोशातली मॅक्रोफेज, म्हणजे बाहेरचे कण गिळणारी पेशी, साधारण १५-२० मायक्रोमीटरची. तिच्याहून लांब तंतू तिला पुरता गिळता येत नाही, मग ती त्यावर लोहयुक्त प्रथिनांचा लेप चढवते. म्हणून बॉडी बहुतेक वेळा २० मायक्रोमीटरहून लांब तंतूवरच बनते. मधे सरळ, बारीक, रंगहीन तंतू. त्यावर सोनेरी-तपकिरी मणी. टोकं फुगीर, डंबेलसारखी. नागडे तंतू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा दिसतच नाहीत, कारण ०.२ मायक्रोमीटरहून बारीक काही त्यात पकडता येत नाही. लेप चढलेले दिसतात, म्हणून आपण तेच मोजतो. ही पद्धतीची मूळ मर्यादा, पुढचं सगळं तिच्यातून निघतं.

श्वासमार्ग

नमुना घेण्यापासून सुरुवात करतो, कारण निम्मे वांधे तिथेच होतात.

स्कोपचं टोक उजव्या मधल्या लोबच्या (लोब म्हणजे फुफ्फुसाचा खंड) किंवा डावीकडे लिंग्युलाच्या उपशाखेत नीट घट्ट बसवायचं. तिथून द्रव परत चांगला येतो. ३७ अंशांना कोमट केलेलं सलाईन ५० मिलिच्या सिरिंजने तीन वेळा, म्हणजे एकूण १५० मिलि. ओढताना हलक्या हाताने. जोराने सक्शन लावलं की श्वासनलिका मिटते आणि सिरिंजमध्ये फेस येतो. पहिल्या ५० मिलिमध्ये मोठ्या नलिकांमधला कफ जास्त असतो. तो वेगळा ठेवायचा की बाकीच्यात मिसळायचा, हे प्रयोगशाळेने एकदा ठरवावं आणि मग बदलू नये. दोन्ही पद्धती चालतात, पण आज एक आणि उद्या दुसरी असं केलं तर आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

किती सोडलं, किती परत आलं, कुठल्या लोबमधून, हे तिन्ही चिठ्ठीवर हवं. एम्फिसीमा (वायुकोशांच्या भिंती झिजण्याचा रोग) असलेल्या माणसात परतावा फार कमी येतो. ३० टक्क्यांच्या खाली गेला तर नमुना वायुकोशांचा आहे की नुसता नलिकांचा, अशी शंका धरावी. खात्री करायची सोपी युक्ती: पेशींच्या स्लाइडवर मॅक्रोफेज भरपूर आणि सिलिया (बारीक केस) असलेल्या नलिकेच्या पेशी थोड्या असतील तर नमुना खोलवरचा. उलट दिसलं तर बॉडीज मोजायच्या भानगडीत पडूच नका.

जुनी_फाईल

+१. आणि द्रव पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत घ्या. साध्या काचेला मॅक्रोफेज चिकटून बसतात, आणि बऱ्याच बॉडीज त्यांच्या पोटात असतात.

गाळणकागद

प्रयोगशाळेतला भाग मी लिहितो. सगळ्यात वारंवार होणारी चूक आधी.

द्रव पेशीविभागात जातो. तिथे कफ काढायला तो गॉजमधून गाळतात, मग सेंट्रिफ्यूज करतात, खाली बसलेल्या गाळाच्या स्लाइड करतात, आणि वर उरलेलं स्वच्छ पाणी ‘ॲस्बेस्टॉससाठी’ म्हणून पुढे पाठवतात. बॉडीज एव्हाना गॉजमध्ये किंवा गाळात गेल्या. त्या वरच्या पाण्यात शून्य येणारच! बॉडीजसाठीचा वाटा गॉजच्या आणि सेंट्रिफ्यूजच्या आधी काढायचा. काढण्यापूर्वी बाटली आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, कारण तासभर उभी राहिली तरी पेशी तळाला बसतात आणि वरून पिपेटने घेतलेला द्रव पातळ निघतो.

किती घ्यायचा? निदान १० मिलि, जमलं तर २०. का, ते पुढे हिशेबात येईलच.

पचन: तितकंच किंवा दुप्पट सोडियम हायपोक्लोराइट, साधारण ५ टक्क्यांचं. ते आधी ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून घ्यायचं. खोलीच्या तापमानाला, अधूनमधून हलवत, द्रव पाण्यासारखा स्वच्छ होईपर्यंत. घाई म्हणून तापवू नका आणि रात्रभर विसरूनही जाऊ नका. फार तीव्र पचनात लेप सुटायला लागतो आणि मग उरतो न दिसणारा नागडा तंतू. गुठळ्या फोडायला अल्ट्रासॉनिक टाकी वापरू नका, तंतू तुटतात किंवा उभे चिरतात आणि एकाचे चार होतात.

नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला असेल तर हायपोक्लोराइट आधी फॉर्मॅलिनवरच खर्ची पडतं, म्हणून जास्त लागतं, आणि ते धूर खेचणाऱ्या हुडखालीच करावं. आणि हायपोक्लोराइटच्या भांड्यात कुठलंही आम्ल टाकू नका. ऑक्झॅलिक आम्लाने फिल्टर उजळ करण्याची पद्धत आहे, पण ती हायपोक्लोराइट पूर्ण धुऊन झाल्यावर. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

मग गाळण. २५ मिलिमीटरचा, ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांचा मिश्र सेल्युलोज एस्टरचा फिल्टर. गाळून झाल्यावर गाळलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याने दोन-तीनदा धुवा. हयगय केली तर मिठाचे स्फटिक राहतात आणि सुकल्यावर दृश्य पार गढूळ होतं. फिल्टर पूर्ण सुकवा. ओलसर फिल्टरवर ॲसिटोनची वाफ सोडली की तो काचेसारखा होण्याऐवजी दुधाळ होतो. पारदर्शक झाल्यावर ट्रायॲसिटिनचा एक थेंब, वर कव्हरस्लिप. फिल्टर काळपट, दाट दिसला तर द्रव जास्त गाळला गेलाय. अशा वेळी एकच फिल्टर भरण्यापेक्षा ५-५ मिलिचे तीन-चार करा आणि सगळ्यांची बेरीज घ्या.

भिंगवाला

यात नळाच्या पाण्याचा मुद्दा जोडतो. ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या जलवाहिन्यांतून येणाऱ्या पाण्यात तंतू असू शकतात. फनेल नळाखाली धुऊन तसाच वापरला तर पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात जे दिसेल ते कामगाराचं की नळाचं, हे सांगता येणार नाही. पावडर लावलेले हातमोजेही टाळा. प्रत्येक तुकडीबरोबर एक कोरा फिल्टर चालवायचा: तेच हायपोक्लोराइट, तेच पाणी, तोच फनेल, फक्त नमुना नाही. कोऱ्यावर बॉडी दिसली तर ती अख्खी तुकडी रद्द.

मोजपट्टी

आता हिशेब, कारण धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

समजा १५० मिलि सोडलं, ७२ मिलि परत आलं, त्यातलं २० मिलि गाळलं, अख्खा फिल्टर तपासला आणि १४ बॉडीज दिसल्या. उत्तर १४ भागिले २०, म्हणजे ०.७ प्रति मिलि. भागाकार गाळलेल्या द्रवाने. काही जण १५० ने भागतात, काही ७२ ने. दोन्ही साफ चूक. अर्धाच फिल्टर तपासला असेल तर गाळलेलं द्रवही अर्धंच धरायचं.

मोजणी जितकी लहान तितकी डळमळीत. १४ मोजल्या तर पॉयसन वितरणाने (तुरळक गोष्टींच्या मोजणीचं संख्याशास्त्र) ९५ टक्के मर्यादा साधारण ७.७ ते २३.५. म्हणजे उत्तर ०.३८ ते १.१७ प्रति मिलि यांच्या दरम्यान कुठेही. कामावर संपर्क आला असं मानायची रेघ १ प्रति मिलिवर आहे, आणि हा आकडा तिच्या दोन्ही बाजूंना पसरलाय. ‘०.७ म्हणजे १ पेक्षा कमी, सबब संपर्क नाही’ असं कुणी लिहिलं तर त्याला ही मर्यादा दाखवा.

आता शून्य. शून्य मोजलं तर खरी सरासरी ९५ टक्के खात्रीने ३ च्या खाली. २० मिलि गाळून शून्य आलं: ३ भागिले २०, म्हणजे ०.१५ प्रति मिलिच्या खाली. हे भक्कम शून्य. ५ मिलि गाळून शून्य: ०.६ च्या खाली, चालेल. २ मिलि गाळून शून्य: १.५ च्या खाली. म्हणजे रेघ १ वर आहे आणि तुमची मोजणी १.५ पर्यंत आंधळी आहे! अशा रिपोर्टवर ‘आढळल्या नाहीत’ लिहिणं तांत्रिकदृष्ट्या खरं, पण ते वाचून निष्कर्ष काढणारा फसतो. भिंगवाला, तुमच्या एका ओळीच्या रिपोर्टमध्ये गाळलेल्या द्रवाचं माप नसेल तर पहिला फोन त्यासाठी.

जुनी_फाईल

ही १ ची रेघ आली कुठून, तेही सांगून टाकतो, नाहीतर लोक तिला नैसर्गिक नियम समजतात. ॲस्बेस्टॉसच्या रोगांसाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या १९९७ च्या हेलसिंकी निकषांत ती आहे. फुफ्फुसाच्या प्रति ग्रॅम कोरड्या ऊतीत १००० हून जास्त बॉडीज, किंवा लॅव्हाजच्या प्रति मिलि द्रवात १ हून जास्त बॉडी, साध्या सूक्ष्मदर्शकाने मोजलेली, असेल तर कामाच्या ठिकाणी ॲस्बेस्टॉसशी संपर्क आल्याची शक्यता मोठी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मोजायचं तर प्रति ग्रॅम कोरड्या ऊतीत ५ मायक्रोमीटरहून लांब ॲम्फिबोल (ॲस्बेस्टॉसचा टिकाऊ गट) तंतू १ लाखांहून जास्त, किंवा १ मायक्रोमीटरहून लांब १० लाखांहून जास्त.

फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका दुप्पट होण्यासाठीची पातळी वेगळी, आणि बरीच वर: ढोबळमानाने ५ ते १५ बॉडीज प्रति मिलि लॅव्हाज, किंवा ५००० ते १५००० प्रति ग्रॅम कोरडी ऊती. या दोन रेघांची सरमिसळ फार होते. पहिली विचारते ‘कामावर संपर्क होता का’, दुसरी विचारते ‘कर्करोगाशी नातं जोडण्याइतका होता का’. २ प्रति मिलि आलेल्या माणसाला ‘५ नाही, म्हणून संपर्कच नव्हता’ म्हणणं म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यावर चिकटवणं.

त्याच निकषांत हेही आहे की इतिहासावरून २५ तंतू-वर्षं भरली तर तेवढंही पुरे. तंतू-वर्ष म्हणजे हवेतले तंतू प्रति मिलि गुणिले वर्षं: ५ तंतू प्रति मिलि हवेत ५ वर्षं, की झाली २५.

दुसरी_नजर

इथवर सहमत, पण शून्याचं सगळ्यात मोठं कारण अजून कुणी काढलं नाही: क्रायसोटाइल.

पांढरं ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, फुफ्फुसात टिकत नाही. त्याचे तंतू उभे चिरत जातात, तुटतात, विरघळतात, काही महिन्यांत बरेचसे निघून जातात. क्रोसिडोलाइट, अमोसाइट हे ॲम्फिबोल दशकानुदशके तसेच राहतात. त्यामुळे बॉडीज जवळजवळ सगळ्या ॲम्फिबोलच्या तंतूंवरच सापडतात. २० मिलि नीट गाळून, नीट पचवून, अख्खा फिल्टर पाहून आलेलं भक्कम शून्यसुद्धा एवढंच सांगतं की लांब ॲम्फिबोल तंतूंचा मोठा साठा इथे नाही. निव्वळ क्रायसोटाइलमध्ये काम केलेल्या माणसाचा इतिहास ते खोडू शकत नाही. हेलसिंकीच्या मंडळींनीही क्रायसोटाइलसाठी तंतूंच्या मोजणीपेक्षा कामाच्या इतिहासावर जास्त भर दिला आहे.

उलट बाजूने, काम सोडून तीस वर्षं झालेल्या इन्सुलेशनवाल्याच्या लॅव्हाजमध्ये बॉडीज सापडतात, कारण अमोसाइट तिथेच बसलेलं असतं. म्हणजे ‘फार वर्षं झाली, आता काय सापडणार’ हा युक्तिवाद ॲम्फिबोलला लागू नाही.

श्वासमार्ग

शिवाय सगळ्यांची लेप चढवायची क्षमता सारखी नसते. दोन माणसांत तंतू तेवढेच असून बॉडीजचा आकडा खूप वेगळा निघू शकतो. म्हणून बॉडीज कमी आणि संशय दाट असेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे जावं लागतं.

ओळखपाळख

दिसली ती बॉडी ॲस्बेस्टॉसचीच, हे कशावरून? लोहाचा लेप मॅक्रोफेज कशावरही चढवते. मधला गाभा पाहायचा:

गाभा काळा, अपारदर्शक असेल तर कोळशाचा किंवा काजळीचा कण. गाभा पिवळसर, रुंद, पत्र्यासारखा असेल तर टाल्क किंवा अभ्रक. गाभा बारीक, सरळ, पारदर्शक, कडा समांतर असेल तरच ॲस्बेस्टॉस म्हणायचं. लेप इतका जाड की गाभा दिसतच नाही, तर ती बॉडी ‘लोहयुक्त, गाभा अनिश्चित’ अशा वेगळ्या रकान्यात. ती एकूणात ढकलू नका आणि टाकूनही देऊ नका.

तरी दोन गोष्टी साध्या भिंगाखाली फसवतात. एक, भट्टीच्या अस्तरात वापरतात ते सिरॅमिक तंतू. त्यांवरची बॉडी हुबेहूब दिसते. दुसरी, एरिओनाइट, तुर्कस्तानात कापाडोकियाच्या गावांत घरांच्या दगडात सापडणारं खनिज. ते ॲस्बेस्टॉस नाहीच, पण बॉडी तशीच बनते आणि रोगही मेसोथेलिओमाच (फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग). भट्टीवर काम केलेल्या माणसाच्या बॉडीज सरसकट ॲस्बेस्टॉसच्या नावावर मांडू नका.

मोजणीचे नियम एकदा कागदावर लिहून भिंतीला लावा: तंतूचा थोडाच भाग लेपलेला असला तरी ती एक बॉडी. एकाच बॉडीचे तुकडे ओळीत पडलेले दिसले तर एकच. ४०० पटीला ओळख, २०० पटीला शोध, अख्खा फिल्टर पट्ट्या-पट्ट्यांनी. आणि दुसऱ्या माणसाने पहिल्याचा आकडा न बघता मोजायचं.

मोजपट्टी

लोह निळं दाखवणारा पर्ल्सचा रंग द्यायचा का, असं विचारतात. पचवलेल्या फिल्टरवर गरज नसते, सोनेरी रंग आपला आपण दिसतो. पेशींच्या स्लाइडवर मात्र उपयोग होतो. तिथे एक जरी बॉडी दिसली तरी गंभीरपणे घ्या, कारण स्लाइडवर द्रवाचा अगदी थोडा अंश असतो. थुंकीचंही तसंच: थुंकीत सापडली तर संपर्क भरपूर, न सापडण्याला काहीच किंमत नाही.

दुसरी_नजर

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाबद्दल थोडक्यात. एक्स-रे वर्णपटात क्रायसोटाइल म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन. अमोसाइटमध्ये त्यांच्याबरोबर लोह भरपूर. क्रोसिडोलाइटमध्ये लोह आणि सोडियम. ट्रेमोलाइटमध्ये मॅग्नेशियम आणि कॅल्शियम. अडचण येते अँथोफिलाइट आणि टाल्कची: दोन्ही मॅग्नेशियम-सिलिकॉन, वर्णपट जवळजवळ जुळा. तिथे इलेक्ट्रॉन विवर्तनाचं चित्र घेतल्याशिवाय नाव लिहू नये. बॉडीवर नेम धरला तर लेपातलं लोहही वर्णपटात येतं आणि ट्रेमोलाइटसुद्धा लोहवालं वाटतं. म्हणून तंतूच्या उघड्या भागावर किरण टाका.

ट्रेमोलाइट निघालं तर लगेच कारखान्याकडे बोट दाखवू नका. क्रायसोटाइलच्या खाणीतली भेसळ म्हणून ते येतं, तसंच ग्रीसमधल्या मेत्सोवोसारख्या ठिकाणी घरांना द्यायच्या पांढऱ्या मातीतही होतं. माणूस कुठे जन्मला, कुठे वाढला, हेही इतिहासात हवं.

जुनी_फाईल

माझा एक आक्षेप धाग्याच्या सुरावर. सगळे ‘लॅव्हाज करा’ गृहीत धरून बोलताय. ब्रॉन्कोस्कोपी ही काही रक्ततपासणी नाही. नंतर ताप येतो, ऑक्सिजन खाली जातो, आणि ज्यांची फुफ्फुसं आधीच आकसलेली आहेत त्यांना त्रास जास्त. इतिहास स्पष्ट असेल आणि छातीच्या स्कॅनवर दोन्ही बाजूंना फुफ्फुसावरणावर चुना धरलेल्या चकत्या दिसत असतील, तर फक्त कागद भरण्यासाठी स्कोप घालायला माझा विरोध आहे. मेसोथेलिओमाला तर बॉडीजचा आकडा हवाच कशाला? तो कमी संपर्कातही होतो.

भिंगवाला

आक्षेप मान्य. गाठीसाठी किंवा संसर्गासाठी लॅव्हाज होतंच आहे, तर २० मिलि बाजूला काढा, असं वाचा. इतिहास पुसट आहे, किंवा माणसाने कुठे काय हाताळलं हे त्यालाच माहीत नाही, अशा वेळी तो आकडा कामाला येतो.

मग रिपोर्टमध्ये काय काय मागायचं, ते कुणीतरी एका जागी लिहा.

गाळणकागद

लोब कुठला, सोडलेलं, परत आलेलं आणि गाळलेलं द्रव, तिन्ही मिलित, फिल्टरचा किती भाग तपासला, मोजलेल्या बॉडीजची कच्ची संख्या, नुसता भागाकार नको, प्रति मिलि आकडा त्याच्या ९५ टक्के मर्यादेसह, शून्य असेल तर ‘इतक्याच्या खाली’ असं, कोऱ्या फिल्टरचा निकाल, गाभा अनिश्चित असलेल्या बॉडीज वेगळ्या, आणि त्या प्रयोगशाळेत संपर्क नसलेल्या माणसांत साधारण किती येतात. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. तोच नमुना दोन प्रयोगशाळांनी मोजला तर आकडे जुळतीलच असं नाही, म्हणून १ ची रेघ आपल्या घरच्या संपर्कहीन नमुन्यांवर ताडून पाहिलेली असावी.

मोजपट्टी

आणि उरलेलं द्रव टाकू नका. २ मिलिवर शून्य आलेल्या जुन्या रिपोर्टमागे कुठेतरी ३० मिलि फॉर्मॅलिनमध्ये पडून असतं. बॉडीजना त्याने काही होत नाही. बाटली हलवा, गाळा, पुन्हा मोजा. माणसाला दुसऱ्यांदा स्कोप घालण्याआधी एवढं तरी करून बघा.

भिंगवाला

बाटलीच्या तळाला चिकटलेला थर विसरू नका फक्त. थोड्या गाळलेल्या पाण्याने विसळून तोही फनेलमध्ये ओता, आणि विसळणीचं पाणी मापात धरू नका.